रेल्वेतला डबा निवडताना

अहिल्यानगरहून झेलम किंवा कर्नाटक एक्स्प्रेसने दिल्लीकडे निघालात, की दोन-तीन जेवणं गाडीतच होतात. डबा घेताना आपण तेल-तिखट बघतो. मी म्हणेन, आधी विचारा, तो भरला कधी? जपानमध्ये रेल्वेप्रवासाच्या डब्यावर तो किती वाजेपर्यंत खावा, हेही छापलेलं असतं. आपल्याकडे विचारावं लागतं. लाजू नका.

खरी भीती भाताची. शिजलेला भात तासन् तास कोमट राहिला, की त्यात बॅसिलस सेरियस नावाचे जिवाणू वाढतात. उलट्या करवणारं त्यांचं विष भात पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणून कोमट बिर्याणी, पुलाव नकोच, मग वास कितीही छान येवो.

घरून न्यायचं तर दुधात भिजवलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी. ओलावा कमी, म्हणून भातापेक्षा जास्त टिकतात. (रक्तदाब असेल तर चटणीत मीठ बेतानंच.)

मधुमेह असलेल्यांसाठी एक गोष्ट फार महत्त्वाची. जेवणाआधीचं इन्सुलिन ऑर्डर दिल्यावर नव्हे, डबा हातात आल्यावरच घ्या. मनमाडच्या अलीकडे गाडी सिग्नलला अडकली, तर डबा येत नाही, पण टोचलेल्या इन्सुलिनमुळे साखर उतरत राहते. ग्लुकोजची पुडी खिशात असू द्या, वरच्या बर्थवरच्या बॅगेत नको.