भातकापणीला निघण्याआधी



भात पिवळं पडलं, विळ्यांना धार लागली. आता आपले हात दिवसभर जमिनीलगत असणार. उंदरांच्या मागावर आलेली घोणस आणि कातळावरच्या दगडाखालचं फुरसंही तिथेच असतं. ही जनावरं चाहूल लागताच पळणाऱ्यांतली नव्हेत. गवताच्या रंगात मिसळून पडून राहतात. घोणस निदान कुकरसारखी फुत्कारते. हातभर फुरसं करवती खवले घासून खरखरतं, पण वाळल्या पेंढ्यात ती खरखर कळत नाही. घोणशीला अजगराचं पिल्लू समजून शेपटी धरणारे महाभागही आहेत. पाठीवर साखळीसारख्या ठिपक्यांच्या तीन रांगा दिसल्या की लांब व्हा.

खरी विनंती पुढेच आहे. पान लागलेला, म्हणजे साप चावलेला माणूस कधी कधी तासभर नीट बोलतो, चहा मागतो. घरचे म्हणतात, बरा दिसतोय, आधी भगताकडे नेऊ. घात होतो तो इथे. घोणस आणि फुरसं, दोघांचं विष मुख्यतः रक्तावर चालतं. रक्त गोठवणारे घटक ते वापरून संपवतं. मग हिरड्यांतून, लघवीतून रक्त येऊ लागतं. घोणशीच्या विषानं मूत्रपिंडंही निकामी होतात. प्रतिविष रक्तातलं विष निष्प्रभ करतं, झालेली हानी भरून काढत नाही. भगताकडे जे ‘उतरतं’, ते बहुतेकदा चावताना टोचलेलंच नसतं.

टोचलं की नाही ते दवाखान्यात कळतं. काचेच्या कोरड्या नळीत थोडं रक्त २० मिनिटं न हलवता ठेवतात. गोठलं नाही, तर प्रतिविष सुरू. पहिल्यांदा गोठलं तरी तपासणी पुन्हा करतात, तेव्हा घरी परतायची घाई नको.

दोरी आवळू नका, ब्लेड मारू नका, तोंडानं विष ओढू नका. सूज चढण्याआधी अंगठी, बांगड्या, पैंजण काढा. चावलेला हात-पाय फळीला हलका बांधा, माणसाला चालवू नका. १०८ ला फोन करा. दारात गाडी असेल तर वाट न पाहता निघा. साप मारून आणू नका. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चौघांवर प्रतिविष एकच आहे, आणि मेलेल्या घोणशीचं डोकंही चावू शकतं.

कापणीला गमबूट घाला, भारा उचलण्याआधी काठीनं हलवा. आणि जवळच्या कोणत्या सरकारी दवाखान्यात प्रतिविष आहे, याची चौकशी आजच करून तिथला फोन नंबर दारामागे लिहून ठेवा.