हमीदचा चिमटा, श्यामची आई

१९३३ साली साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिलं. प्रेमचंदांची ‘ईदगाह’ ही कथाही त्याच वर्षी छापून आली.

ईदच्या मेळ्यात सोबतची मुलं खेळणी, मिठाई घेतात. हमीदजवळ तीनच पैसे. तो लोखंडी चिमटा घेतो, कारण तव्यावरची रोटी काढताना दादी अमीनाची बोटं भाजतात. कोकणातला गरीब श्यामही आईचे कष्ट पाहतच शहाणा होतो.

आपल्या मुळशीत बरीच मुलं मराठी शाळेत जातात. श्याम त्यांच्या ओळखीचा असतो. हमीद मात्र काहींना भेटतच नाही. काही पालक तर ‘हमीद आपला, श्याम त्यांचा’ अशी वाटणी करतात. पण हमीदला जन्म देणारे प्रेमचंद हिंदूच होते ना! आईच्या खिदमतीत जन्नत आहे, असं आपण मुलांना सांगतो. या गोष्टींत ती खिदमत त्यांना डोळ्यांसमोर दिसते.

आज इशानंतर मोबाइल बाजूला ठेवा. ‘श्यामची आई’तलं एक प्रकरण मोठ्यानं वाचा. हमीदची गोष्ट आपल्या घरच्या बोलीत सांगा. मग मुलांना विचारा, “तुझ्याजवळ तीनच पैसे असते, तर तू कुणासाठी काय घेतलं असतंस?”