धूर सोडणारा बर्फ

मैत्रिणींनो, लग्नाच्या हॉलमध्ये हल्ली एक नवी हौस दिसते. नवरानवरी स्टेजकडे निघाली की त्यांच्या पायाशी पांढऱ्या ढगांचे लोट पसरतात आणि दोघं जणू ढगांतून चालत येतात. जेवणाच्या बाजूला धूर निघणारी सरबतं मांडलेली असतात. मुलं तिथून हलत नाहीत. “आई, मला तो धूराचा बर्फ दे ना!” असा हट्ट सुरू होतो. आता हा हट्ट पुरवायचा की नाही, हे ठरवण्याआधी तो बर्फ आहे तरी काय, हे समजून घेऊ या.

याला म्हणतात ‘ड्राय आइस’, म्हणजे कोरडा बर्फ. नावात बर्फ असला तरी यात पाण्याचा थेंबही नसतो. आपण उच्छ्वासातून जो सोडतो, सोड्याच्या बाटलीत जो फसफसतो, तोच कार्बन डायऑक्साइड वायू गोठवून घट्ट केला की कोरडा बर्फ तयार होतो. साध्या बर्फासारखा तो वितळत नाही, नुसता विरत जातो. तुम्ही म्हणाल, हे कसं? अहो, आपल्या ट्रंकेतल्या डांबराच्या गोळ्या आठवा. वर्षभरात त्या झिजून शेंगदाण्याएवढ्या होतात, पण साडीला कुठे ओल लागते का? उघड्या राहिलेल्या कापराचंही तेच. घन पदार्थाचा थेट वायू होतो, मधली पातळ होण्याची पायरीच नाही.

फ्रेंच संशोधक तिलोरिये याने १८३५ साली हा पदार्थ पहिल्यांदा जगापुढे मांडला. दाबाखाली पातळ केलेला कार्बन डायऑक्साइड त्याने मोकळा सोडला, तेव्हा थोडा भाग भुर्रकन उडून गेला आणि जाताना उरलेल्याची उष्णता घेऊन गेला. मागे राहिला तो भुसभुशीत हिमासारखा पदार्थ! आजही कारखान्यांतून हेच करतात आणि ते हिम दाबून त्याच्या लाद्या किंवा गोळ्या पाडतात. त्यासाठी लागणारा वायू बहुतेक वेळा दुसऱ्या उद्योगांतूनच मिळतो. खतासाठी अमोनिया करताना तो निघतो आणि उसाच्या मळीपासून मद्यार्क करताना ती आंबते, तेव्हाही निघतो. टाकाऊतून टिकाऊ म्हणतात ना, त्यातलाच प्रकार.

हा बर्फ थंड तरी किती? आपल्या घरच्या फ्रिजमधला बर्फाचा कप्पा साधारण उणे १८ अंशांवर असतो. कोरडा बर्फ उणे ७८.५ अंश सेल्सियसला! शिवाय वजनास वजन धरलं तर साध्या बर्फाच्या दीडपटीहून जास्त उष्णता तो शोषून घेतो आणि पाण्याचा राडाही होत नाही. म्हणूनच आइस्क्रीम, गोठवलेली मासळी, तपासणीसाठी पाठवायचे गोठवलेले नमुने लांबच्या प्रवासाला याच्याच सोबतीने जातात. २०२० च्या अखेरीस कोविडवरची फायझरची लस बाहेर पडली. ती उणे ७० अंशांच्या आसपास जपावी लागे, म्हणून कोरड्या बर्फाने भरलेल्या खोक्यांतून तिचा प्रवास झाला. आपल्याकडे बहुतेकांनी घेतलेल्या कोविशील्डला मात्र २ ते ८ अंश, म्हणजे साध्या फ्रिजची थंडी पुरत होती.

कारखान्यांत तर हा बर्फ चक्क सफाईकामगार आहे. त्याचे बारीक दाणे हवेच्या जोराने यंत्रांवर आणि टायरच्या साच्यांवर मारतात. चिकटलेला मळ थंडीने तडकून सुटतो आणि दाणे हवेत विरतात. पुसायला पाणी नाही की झाडायला वाळू नाही. भांडी घासणाऱ्या आपल्यासारखीला हेवाच वाटावा!

आता त्या ढगांचं गुपित. कार्बन डायऑक्साइड डोळ्यांना दिसत नाही. कोरडा बर्फ गरम पाण्यात टाकला की तो झपाट्याने विरतो आणि त्या थंडीने हवेतल्या वाफेचे बारीक तुषार होतात. आपल्याला दिसतं ते धुकं असतं. पण त्या धुक्यासोबत न दिसणारा वायूही असतो आणि काळजी करायची ती त्याचीच. बर्फ संपला म्हणजे प्रकरण संपलं, असं आपल्याला वाटतं. खरं तर तो नाहीसा होत नाही, नुसता रूप बदलून खोलीत फिरत असतो. एक किलो बर्फापासून पाचशे लिटरहून जास्त वायू होतो! शिवाय हा वायू हवेपेक्षा दीडपट जड, त्यामुळे तो खाली जमिनीलगत साचतो. रांगणारं बाळ तिथेच असतं ना?

फेब्रुवारी २०२० मध्ये मॉस्कोला वाढदिवसाच्या एका समारंभात ढगांची मजा म्हणून बंदिस्त जागेतल्या पोहण्याच्या तलावात पंचवीस-तीस किलो कोरडा बर्फ ओतला. त्यात तिघांचा जीव गेला. मार्च २०२४ मध्ये आपल्याच देशात, गुरुग्रामच्या एका उपाहारगृहात मुखशुद्धी म्हणून दिलेला पदार्थ तोंडात टाकताच पाच जणांची तोंडं भाजली, रक्ताच्या उलट्या झाल्या. तो पदार्थ कोरडा बर्फ असल्याचं पुढे वर्तमानपत्रांत आलं. उणे ७८ अंशांचा तुकडा जिभेवर ठेवणं म्हणजे निखारा ठेवण्यासारखंच आहे. पोटात गेला तर वायूने पोट फुगतं ते वेगळंच.

तेव्हा एवढं लक्षात ठेवा :

● कोरडा बर्फ खायचा नसतो, चघळायचाही नसतो. पेयात टाकलेला असेल तर तळाचा तुकडा पूर्ण विरेपर्यंत पेला मुलांच्या हाती देऊ नका. सगळ्यात बरं म्हणजे तो पेला मुलांना नकोच.

● उघड्या हाताने उचलू नका. जाड, कोरडे हातमोजे किंवा चिमटा घ्या.

● घट्ट झाकणाच्या डब्यात, बाटलीत किंवा थर्मासमध्ये कधीही भरू नका. वायूला वाट मिळाली नाही, तर शिट्टी तुंबलेल्या कुकरसारखी गत होईल. घरच्या फ्रिजमध्येही ठेवू नका.

● आइस्क्रीमच्या खोक्यात आला असेल तर गाडीच्या काचा थोड्या उघड्या ठेवा. घरी आल्यावर उरलेला तुकडा गच्चीत किंवा अंगणात, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी आपोआप विरू द्या. मोरीत टाकू नका, थंडीने पाइप तडकतो.

● कार्यात ढगांची हौस करायचीच असेल, तर हॉलच्या खिडक्या-दारं उघडी आहेत ना, हे आधी पाहा. लहानग्यांना कडेवर घ्या.

● कातडीला चटका बसला तर चोळू नका. कोमट पाण्यात भाग बुडवून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. तुकडा गिळला गेला असेल, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठा. कुणाला गरगरलं, धाप लागली, तर आधी मोकळ्या हवेत न्या.

केटरिंगवाल्याशी बोलताना आपण बासुंदीचा घट्टपणा विचारतो, मठ्ठ्याचं मीठ विचारतो. त्याच यादीत आणखी एक प्रश्न लिहून ठेवा : “धुराचं काही ठेवणार आहात का? आणि तिथे मुलांवर लक्ष द्यायला मोठं माणूस कोण उभं राहणार?” समाधानकारक उत्तर आलं नाही, तर सरळ सांगा, “आमच्याकडे साधं कैरीचं पन्हंच ठेवा.” त्याला धूर नसतो, पण कार्यातल्या एकाही पाहुण्याने पन्ह्याला आजवर नाव ठेवलेलं नाही!