फीत कुणाला?

30 जानेवारी 1948 रोजी हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या तरुण सैनिकांनी नांदेड जिल्ह्यातल्या उमरीची बँक लुटली. निजामाच्या संस्थानाच्या सरहद्दीवरच्या कॅम्पांतली ही मुले होती. निजामाच्या बाजूच्या रझाकारांशी लढायला हत्यारे हवी होती आणि हत्यारांना पैसा. लाखो रुपये हाती आले. त्या पैशाचा चोख हिशेब ठेवला गेला, ही गोष्ट मराठवाड्यात आजही लुटीपेक्षा अधिक अभिमानाने सांगितली जाते, आणि ते योग्यच आहे. धाडस एका दिवसाला पुरते. अंगावर धड कपडा नसताना लाखोंच्या थैल्या सांभाळायच्या आणि त्यातला रुपया आपला मानायचा नाही, याला रोज नव्याने मनाची तयारी लागते. त्यांच्यावर पहारा ठेवायला कुणी सरकार नव्हते. आपण कशासाठी लढतो आहोत हे त्यांना ठाऊक होते, तोच त्यांचा पहारा.

त्याच वर्षी 15 जुलैला देशात राष्ट्रीय छात्र सेना, म्हणजे आपली एनसीसी, सुरू झाली. नांदेड-लातूरचा मुलूख तेव्हा निजामाच्याच ताब्यात होता. तो सुटला 17 सप्टेंबरला. आज याच मुलखातली खेड्यापाड्यांतली पोरे खाकी चढवून पहाटे मैदानावर उभी राहतात. एसटी पकडून येतात, बूट चमकवतात, ‘सावधान’ म्हटले की श्वास रोखतात. त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. मुली तर घरच्यांची समजूत घालून येतात, आणि त्यांची कवायत अनेकदा मुलांहून नेटकी असते.

काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. ‘सी’ सर्टिफिकेट भरतीत उपयोगी पडते, म्हणून एनसीसी घ्यायची, हे घराघरांत ठरून गेले आहे. त्यात गैर काहीच नाही. कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलाने नोकरीचा विचार करू नये असे म्हणण्याचा अधिकार कुणालाही नाही. पण सार्जंट किंवा अंडर ऑफिसर निवडताना आवाज, उंची आणि कवायतीची सफाई एवढेच पाहिले, तर हुकूम देणारे तयार होतील, पुढारपण करणारे नाहीत. हुकूम ऐकण्याची शिस्त बाहेरून लावता येते. कुणी पाहत नसताना जी टिकते, ती आतूनच यावी लागते.

बाहेरून लादून पाहण्याचा प्रयोग देशाने केलेलाही आहे. चीनच्या युद्धानंतर 1963 मध्ये एनसीसी महाविद्यालयीन मुलांना सक्तीची झाली. 1968 मध्ये ती पुन्हा ऐच्छिक करावी लागली. मैदान भरले म्हणजे मने भरली असे होत नाही, हे त्या पाच वर्षांनी दाखवले आणि आपण ते विसरलो.

कॅडेटची खरी परीक्षा फार साध्या ठिकाणी होते. सर्टिफिकेटच्या परीक्षेला बसायचे तर किमान 75 टक्के परेडला हजेरी लागते. हजेरी घेणाऱ्या कॅडेटचा जिवलग दोस्त गावाकडच्या लग्नाला गेलेला असतो. ‘मांड की रे, कोण बघतंय!’ असा निरोप येतो. तिथे ‘नाही मांडणार’ म्हणताना दोस्ती पणाला लागते, वर्गात टोमणे बसतात, एखाद्या वेळी सरही ‘जाऊ दे’ म्हणतात. तरीही जो मुलगा किंवा जी मुलगी गैरहजेरी लावते, आणि संध्याकाळी त्याच दोस्ताला गाठून बुडालेली कवायत शिकवते, त्या कॅडेटमध्ये पुढारपणाचे बीज आहे. पहिल्या अर्ध्यात कणखरपणा आहे, दुसऱ्यात माया. दोन्ही हवीत, कारण नुसता कणखर म्होरक्या लवकरच मुकादम होतो.

तेव्हा महाविद्यालयांकडे मागणी एकच. सार्जंट किंवा अंडर ऑफिसरची फीत देण्याआधी काही महिने त्या कॅडेटच्या हाती हजेरीपट, नाश्त्याचे वाटप आणि कॅम्पच्या सामानाची यादी द्या. पाहा, तो स्वतः शेवटी खातो का, हरवलेली वस्तू आपल्याकडून हरवली असे सांगतो का. आणि खोटी हजेरी सापडली, तर त्याची कवायत कितीही देखणी असो, फीत उतरवा. 17 सप्टेंबरच्या ध्वजवंदनाला संचलन करणाऱ्या या मुलांना उमरीची लूट सांगाल, तेव्हा हिशेबाचा भागही सांगा; लुटीचा थरार त्यांना कुठूनही कळेल.