बॉटला काय कळतंय कऱ्हाड कुठे आहे ते!

मित्रहो, मेसच्या डाळीवर आणि हॉस्टेलच्या पाण्यावर या पानांतून पुष्कळ लिहून झालंय. मी आज एका बॉटविरुद्ध तक्रार घेऊन आलोय. गंमत म्हणजे हा बॉट मीच बसवलाय. तेव्हा फिर्यादी मी आणि आरोपीही मीच!

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात... आपल्या लॅनवर माइनक्राफ्टचा एक सर्व्हर चालतो. तिथे दर दहा मिनिटांनी चॅटमध्ये एक प्रश्न पडतो. तीस सेकंदांत ज्याचं बरोबर उत्तर सगळ्यात आधी पोहोचेल त्याला पाच हिरे, आणि महिनाअखेरीस पहिल्या नंबराला आमच्या खर्चाने वडापाव. कल्पना जुनीच आहे. यार्को ओइकारिनेनने 1988 साली फिनलंडमध्ये आयआरसी हे चॅट सुरू केलं, आणि पुढे त्याच्या चॅनेलांवर असे प्रश्न विचारणारे बॉट वर्षानुवर्षं चालले. माइनक्राफ्टमध्ये हेच काम प्लगइन करतं. जावा बऱ्यापैकी येत असेल तर एका रविवारचा उद्योग.

पहिल्या रविवारी मी घोळ घातलाच. माइनक्राफ्टचा सर्व्हर सेकंदाला वीस टिक चालतो, म्हणजे एका टिकला फक्त 50 मिलिसेकंद. मी प्रत्येक प्रश्नाला अख्खी फाइल पुन्हा वाचत होतो, तीही मुख्य थ्रेडवर. प्रश्न पडला की सगळं जग गोठायचं. एक जण त्याच क्षणी लाव्हात पडला. तो अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

पण हा दोष दिसणारा होता, म्हणून दुरुस्तही झाला. न दिसणारा दोष प्रश्नांत होता. मी एक तयार इंग्रजी प्रश्नसंच उतरवून घेतला होता. त्यात बेसबॉल आणि अमेरिकेतली राज्यं. महिन्याभरात आपल्या पोरांना साउथ डकोटाची राजधानी पिअर आहे हे तोंडपाठ झालं. साउथ डकोटा नकाशात दाखव म्हटलं तर निम्मे गार! मग मी पन्नासेक मराठी प्रश्न घातले आणि स्वतःवर जाम खूश झालो.

त्यातला एक: कृष्णा-कोयनेचा प्रीतिसंगम कोणत्या गावी? फर्स्ट इयरच्या एका मुलाने लगेच देवनागरीत 'कऱ्हाड' टाइप केलं. बॉट गप्प. त्याने पुन्हा टाकलं. पुन्हा गप्प. तेवढ्यात कुणीतरी रोमन लिपीत कराड लिहून पाच हिरे नेले. मुलगा दुसऱ्या दिवशी रूमवर आला. "दादा, माझं काय चुकलं? माझं गावच आहे ते." मी बघितलं तर माझ्या यादीत फक्त 'कराड' होतं. सॉरी म्हणून मी 'कऱ्हाड'ही घातलं.

आठवड्याने तोच प्रश्न आला, त्याने तेच उत्तर दिलं, आणि बॉट पुन्हा गप्प! या वेळी तो रूमवर आला नाही. सर्व्हरवरही दिसेना.

खेळाच्या खिडकीत आपली जोडाक्षरं धड उमटत नाहीत, म्हणून मी सर्व्हरचा लॉग एडिटरमध्ये उघडला. दोन्ही 'कऱ्हाड' शेजारी शेजारी, डोळ्यांना तंतोतंत सारखे. पण युनिकोडमध्ये हा अर्धा र दोन प्रकारे लिहिता येतो. माझ्या कीबोर्डने 'ऱ' हे वेगळं अक्षर घेऊन पुढे हलंत लावला होता. त्याच्या कीबोर्डने साधा र, हलंत आणि एक अदृश्य जोडचिन्ह. जावाच्या नॉर्मलायझरनेही हा फरक मिटत नाही, आणि ते अदृश्य चिन्ह नुसतं काढून टाकलं तर होतं 'कर्हाड'. एका रूपाचं दुसरं करणारी ओळ हातानेच लिहावी लागली.

माझा रूममेट म्हणतो, "एवढं काय? बॉट तरी कुणाची बाजू घेत नाही." मला हे पटत नाही. बॉट ज्या यादीवर चालतो ती यादी एका माणसाने, रात्री दोन वाजता, सबमिशन टाळत बनवलेली असते. त्याला जे स्पेलिंग सुचलं ते बरोबर, बाकीच्यांचं चूक. समोर माणूस असता तर तो मुलगा भांडला असता आणि जिंकलाही असता. बॉटशी भांडायचं कसं?

काही जणांनी सुचवलं की एका अक्षराची चूक चालवून घे. लेव्हेनश्टाइन अंतर लावून तेही करून पाहिलं. मग 1857 च्या जागी 1858 बरोबर धरायला लागला. आकड्यांना आणि वाईसारख्या छोट्या नावांना ही सवलत लगेच काढावी लागली.

माझं मत विचाराल तर 'पहिला येईल त्याला' ही अटच काढावी. तीस सेकंदांत बरोबर उत्तर देणाऱ्या प्रत्येकाला एकेक हिरा. नाहीतर ही स्पर्धा टायपिंगची आणि वायफायच्या रेंजची होते. कोपऱ्यातल्या खोल्यांना विचारा! शिवाय चॅटमध्ये 'तक्रार' अशी कमांड हवी. ती दिली की उत्तर थेट माझ्याकडे येईल आणि मी स्वतः बघून निकाल देईन. सेकंड इयरच्या पब्लिकला हे मिळमिळीत वाटतंय, त्यांचे हिरे कमी होणार ना!

त्या मुलाला मी मेसमध्ये गाठलं आणि दोन्ही वेळचे मिळून दहा हिरे देऊ केले. तो म्हणाला, "राहू दे दादा, माझा पासवर्डच विसरलाय." खरं की खोटं, देव जाणे. पासवर्ड मी त्याच रात्री बदलून ठेवलाय, आणि चिठ्ठी त्याच्या दाराखालून सरकवली आहे.

बाकीच्यांनी आपापल्या गावचे प्रश्न कॉमन रूममधल्या डब्यात टाकावेत. उत्तर तुमच्याकडे जितक्या प्रकारे लिहितात, तितक्या प्रकारे लिहून द्या.