दंड भरा किंवा भांडा, पण सेलची वाट बघू नका

ई-चलनाचा मेसेज आला की आपल्या पिढीतले बहुतेक जण एकच गोष्ट करतात, ती म्हणजे काहीच करत नाहीत. स्क्रीनशॉट काढून मित्रांच्या ग्रुपवर टाकतात, खाली एक रडका इमोजी आणि वर एक अस्सल शिवी. मग ग्रुपमधला कायदेपंडित जागा होतो. 'भरू नको रे, लोकअदालत लागली की निम्म्यात मिटतं.' दुसरा म्हणतो, 'माझी तर सात पेंडिंग आहेत, काय वाकडं झालं?' विषय तिथे संपतो आणि पुढचं चलन येईपर्यंत कोणी त्याचं नाव काढत नाही.

माझं भांडण या 'काहीच न करण्या'शी आहे. अतिवेगाचं चलन आलं तर प्रामाणिक रस्ते दोनच आहेत. वेग ओलांडला असेल तर पूर्ण दंड भरा, लगेच भरा. ओलांडला नसेल, किंवा मर्यादा किती आहे हे कळायला मार्गच नसेल, तर भांडा आणि शेवटपर्यंत भांडा. सवलतीची वाट बघत बसणं हा तिसरा रस्ता सगळ्यात सोपा आहे आणि सगळ्यात वाईटही. त्यात गुन्हा कबूल होत नाही आणि अन्यायाला विरोधही होत नाही. फक्त घासाघीस होते.

आधी दंड भरण्याची बाजू घेते, कारण ती कोणाला आवडत नाही.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर मेली. त्यातले ७१ टक्क्यांहून जास्त मृत्यू अतिवेगाच्या खात्यात नोंदले गेले. त्या वर्षी एकट्या महाराष्ट्रात पंधरा हजारांहून जास्त माणसं गेली. पोलिसांच्या फॉर्मवर 'अतिवेग' हा रकाना भरणं सोपं असतं, हे मला मान्य आहे. रस्त्याचं वाकडं वळण, न लागलेला दिवा, कठडा नसलेला पूल हे सगळं त्या एका शब्दाखाली लपतं. पण भौतिकशास्त्र कोणाच्या फॉर्मवर अवलंबून नसतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की सरासरी वेग एक टक्क्याने वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका सुमारे चार टक्क्यांनी वाढतो. गाडीचा वेग ताशी ५० वरून ६५ किलोमीटरवर गेला, तर धडक बसलेल्या पादचाऱ्याच्या मृत्यूची शक्यता साडेचार पट होते. फरक फक्त पंधराचा आहे. आपण ज्याला 'जरासं वर' म्हणतो तो हाच फरक.

आणि हे 'जरासं वर' आपल्याला देतं काय? मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग सुमारे साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा आहे. सपाट भागात मोटारींना ताशी १०० ची मर्यादा आहे, घाटात ती बरीच कमी होते. घाट नाही असं क्षणभर समजू. सगळा रस्ता १०० ने कापला तर ५७ मिनिटं लागतील. १२० ने कापला तर ४७. म्हणजे फार तर दहा मिनिटं वाचली, तीसुद्धा कागदावर. प्रत्यक्षात ही दहा मिनिटं फूड मॉलवर वडापावच्या रांगेत जातात. तिथे आपण कोणालाही हॉर्न मारत नाही.

यावर ठरलेली उत्तरं मला पाठ आहेत. 'रस्त्यात खड्डे आहेत, टोल घेतात, आणि वर दंड?' खड्डे हा सरकारचा गुन्हा आहे. त्यावर बोंब मारा, मीही तुमच्याबरोबर असेन. पण रस्ता खराब असेल तर गाडी हळू चालवायला हवी. खड्ड्याचं कारण पुढे करून वेगाचं समर्थन करणारा माणूस नेमकं काय म्हणतोय, हे त्याने एकदा स्वतःच ऐकावं. 'हा सगळा तिजोरी भरायचा धंदा आहे' हे दुसरं उत्तर. असेलही. पण मग हा धंदा बुडवायचा सर्वात स्वस्त उपाय तुमच्या उजव्या पायाखाली आहे. मॅपवरची बाई 'पुढे कॅमेरा आहे' म्हणाली की आपण ब्रेक दाबतो आणि कॅमेरा मागे पडला की परत दामटतो. म्हणजे मर्यादा काय आहे हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं. आपण घाबरतो ते कॅमेऱ्याला, समोरून येणाऱ्या माणसाला नाही.

आता दुसरी बाजू. इथे मी तुम्हाला भांडायला सांगणार आहे.

अतिवेगाबद्दल आपला कायदा बराच सावध आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १८३ मध्ये दंड आहे: हलक्या वाहनासाठी एक ते दोन हजार रुपये, मध्यम आणि जड मालवाहू किंवा प्रवासी वाहनासाठी दोन ते चार हजार. पण त्याच कलमात एक अट आहे, जी ग्रुपवरचे कायदेपंडित कधी सांगत नाहीत. एका साक्षीदाराच्या नुसत्या अंदाजावर कोणालाही अतिवेगासाठी दोषी ठरवता येत नाही. त्या अंदाजाला यांत्रिक किंवा इलेक्ट्रॉनिक उपकरणाचा आधार हवा. म्हणजे 'मला वाटलं गाडी जोरात होती' एवढं हवालदाराने म्हणणं पुरेसं नाही. माणसाच्या डोळ्यावर कायद्याने विश्वास ठेवला नाही, यंत्रावर ठेवला.

मग यंत्र विश्वासाचं हवं. म्हणून २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात कलम १३६-अ आलं आणि ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत नियम १६७-अ आला. हा नियम फोनमध्ये सेव्ह करून ठेवण्यासारखा आहे. त्यानुसार वेग मोजणाऱ्या उपकरणाला मंजुरीचं प्रमाणपत्र हवं आणि त्याचं दरवर्षी नूतनीकरण व्हायला हवं. जिथे असा पहारा आहे त्या टप्प्याआधी ठळक इशाराफलक हवा. गुन्ह्याची नोटीस पंधरा दिवसांत पाठवायला हवी. चलनासोबत स्पष्ट छायाचित्र, ठिकाण, तारीख, वेळ आणि उपकरणाने मोजलेला आकडा हवा. चलन निकाली निघेपर्यंत मूळ रेकॉर्ड जपून ठेवायला हवं. याशिवाय राज्य सरकारने एखाद्या रस्त्यावर वेगळी मर्यादा लावली, तर तिथे तसा फलक लावायची जबाबदारी मूळ कायद्यातच आहे.

ही काही पळवाटांची यादी नाही. सरकारने स्वतःला घालून दिलेली ही मर्यादा आहे. तुम्ही ताशी १०० पाळायचे आणि त्यांनी पंधरा दिवस पाळायचे. दोघांपैकी एकालाच दंड होणार असेल तर त्याला कायद्याचं राज्य म्हणत नाहीत.

गेल्या वर्षी माझ्या स्कूटरला अतिवेगाचं चलन आलं. ठिकाण होतं एक द्रुतगती मार्ग, जिथे दुचाकीला मुळात बंदीच आहे. छायाचित्रात एक पांढरी मोटार होती. कॅमेऱ्याने तिच्या नंबरातला एक आकडा चुकीचा वाचला आणि दोन हजार माझ्या नावावर टाकले. मी ऑनलाइन तक्रार केली, सोबत आरसी आणि स्कूटरचा फोटो जोडला. सहा आठवडे काहीच उत्तर नाही. मग दोन वेळा अर्धा दिवस रजा टाकून वाहतूक शाखेत गेले. पहिल्या खेपेला खिडकीतले गृहस्थ अगदी प्रेमाने म्हणाले, 'मॅडम, कशाला डोक्याला ताप करून घेता? लोकअदालतीत या, हजारात होऊन जाईल.' मी विचारलं, 'जी गाडी माझी नाही तिचे हजार मी का भरू?' ते हसले. त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. त्यांच्यासमोर रोज येणाऱ्या शंभर माणसांना हजारांतच रस असतो. दुसऱ्या खेपेला चलन रद्द झालं.

माझ्याकडे रजा होती, म्हणून मला भांडणं परवडलं. दिवसभर डिलिव्हरी करणाऱ्या मुलाचं गणित वेगळं असतं. अर्धा दिवस ॲप बंद ठेवलं की त्या दिवसाची कमाई आणि इन्सेंटिव्ह दोन्ही जातात. हजाराचं चुकीचं चलन रद्द करून घ्यायला त्याला हजाराहून जास्त खर्च येतो. म्हणून तो भरतो, किंवा थकवतो आणि मग नाकाबंदी दिसली की गल्लीबोळातून जातो. भांडणं महाग ठेवलं की चुकीचं चलनही वसूल होतं. ज्यांना भांडणं परवडतं त्यांनी भांडावं असं मी म्हणते ते याचसाठी. आपण प्रमाणपत्र मागितलं नाही, फलक कुठे आहे हे विचारलं नाही, तर ते कधीच कोणी दाखवणार नाही. त्या मुलाला तर नाहीच.

आता त्या 'निम्म्यात'बद्दल. लोकअदालत ही चांगली व्यवस्था आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ ने तिला कायद्याचा आधार दिला, तो वर्षानुवर्षं रखडलेले वाद सामोपचाराने मिटावेत म्हणून. तिथला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नसतं. तिथे चेक बाउन्सची प्रकरणं येतात, बँकांची थकबाकी येते आणि मोटार अपघातातल्या नुकसानभरपाईचे दावेही येतात. हे शेवटचं पुन्हा वाचा. ज्या बाईचा नवरा कोणाच्या तरी वेगाने मेला ती एका टेबलापुढे भरपाईसाठी बसलेली असते, आणि त्याच दिवशी दुसऱ्या टेबलापुढे आपण वेगाच्या दंडात डिस्काउंट मागत असतो.

शिवाय या सवलतीने दोन्ही बाजूंचं नुकसान होतं. ज्याने खरंच वेग ओलांडला त्याला कळतं की नियमाचा एक छापील भाव आहे आणि एक सेलचा. ज्याने लगेच पूर्ण दंड भरला तो मूर्ख ठरतो. ज्याचं चलनच चुकीचं होतं तो निम्मे पैसे देऊन न केलेला गुन्हा मिटवतो, आणि त्या चुकीची नोंद कुठेच होत नाही. कॅमेरा तसाच चुकीचा वाचत राहतो. सरकारलाही हे सोयीचं आहे. शेकडो कोटींची थकबाकी एका शनिवारी थोडीफार वसूल होते, आणि फलक होता का, प्रमाणपत्र होतं का, हे प्रश्न कोणी विचारत नाही.

तेव्हा पुढचं चलन आलं की स्क्रीनशॉटच्या आधी दहा मिनिटं द्या. मेसेजमधल्या लिंकवर टिचकी मारू नका, खोट्या चलनांचा सुळसुळाट आहे. सरकारी संकेतस्थळावर स्वतः जाऊन चलन उघडा. फोटोतली गाडी तुमची आहे का? नंबर नीट दिसतो का? त्या दिवशी त्या वेळी तुम्ही तिथे होतात का? मोजलेला वेग आणि मर्यादा दोन्ही लिहिलेल्या आहेत का? फलक होता का? नोटीस किती दिवसांनी आली? मग स्वतःला एकच प्रश्न विचारा, आणि ग्रुपला न सांगता उत्तर द्या: मी वेग ओलांडला होता का?

उत्तर 'हो' असेल तर भरून टाका. नोटीस सोळाव्या दिवशी आली असेल तर त्याची तक्रार वेगळी करा, जरूर करा, पण तिच्या आड लपू नका. कायदा तुम्हाला लपू देईलही, मी त्याबद्दल बोलत नाहीये. उत्तर 'नाही' असेल, किंवा मर्यादा सांगणारा फलकच नसेल, तर एक रुपयाही देऊ नका. तक्रार करा, पोच घ्या, खेप घाला, आणि प्रकरण न्यायालयात गेलं तर तिथे उभे राहा. आणि चलन रद्द झालं की तेही ग्रुपवर टाका. तिथे सध्या फक्त निम्म्याच्याच बातम्या येतात.