भीती कशाची, ते आधी नीट विचारा

आपल्याकडे कुणी घाबरलं की शेजारपाजारचे सगळे एकच औषध देतात, "घाबरू नकोस." वीसेक वर्षं वॉर्डात आणि वस्तीत काढल्यावर माझं मत असं झालंय की या दोन शब्दांनी कुणाची भीती जात नाही. घाबरलेलं माणूस फक्त गप्प होतं, आणि आपल्याला वाटतं की धीर मिळाला.

भीती ही आधी शरीराची गोष्ट आहे. धोका वाटला की अ‍ॅड्रेनालिन रक्तात उतरतं. छाती धडधडते, श्वास भरभर चालतो, तोंडाला कोरड पडते, तळहात घामेजतात. शरीर पळायची नाहीतर लढायची तयारी करत असतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. म्हणून तर दवाखान्याचा जिना चढून धापा टाकत गेलात आणि लगेच बीपी मोजलं, तर आकडा जास्त येतो. पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, न बोलता बसा आणि मग मोजायला सांगा. आकडा फारच वर नसेल तर एका वेळच्या मोजणीवरून आजार ठरवत नाहीत. "सिस्टर, जरा थांबून परत मोजता का?" हे विचारायला पैसा लागत नाही. पण आपल्या बायांना नेमकी तेच विचारायची भीती.

भीती वाढते कशी, ते सांगते. छातीत गाठ हाताला लागली. बाई ठरवते, सोमवारी दाखवायचं. सोमवारी पाहुणे येतात, जाणं राहतं, आणि तिला आतून हायसं वाटतं. त्या हायसं वाटण्यातच खोड आहे. टाळलं की बरं वाटतं हे मन शिकतं, आणि पुढचा सोमवार पहिल्यापेक्षा जड होतो. गाठ मात्र सोमवार मोजत बसत नाही. खरं तर स्तनातल्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात. म्हणजे जी बाई सहा महिने झोप घालवते, तिला बऱ्याचदा एका तपासणीत सुटका मिळाली असती. आणि ज्या थोड्या जणींची गाठ कॅन्सरची निघते, त्यांच्यासाठी तर ते सहा महिनेच मोलाचे होते.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळी ताप, वजन उतरणं, रात्री घाम. ही टीबीची लक्षणं आता पोरासोरांना पाठ आहेत. बेडक्याची तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट, गोळ्या फुकट. साध्या टीबीचा कोर्स सहा महिन्यांचा. पोषणासाठी खात्यावर महिन्याला ५०० रुपये यायचे, ते नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. तरी माणूस डबी घेऊन जात नाही. का जात नाही, हा प्रश्न आरोग्य खातं 'जनजागृती कमी' म्हणून निकाली काढतं. मला ते पटत नाही. माहिती आहे, भीती आहे. आणि ती भीती टीबीची नसतेच मुळी.

म्हणून मी वस्तीत पहिला प्रश्न विचारते, "ताई, नेमकं कशाला घाबरता?" उत्तरं ऐकण्यासारखी असतात. एक म्हणते, पोरीचं लग्न जमत आलंय, कळलं तर मोडेल. दुसरी म्हणते, आतली तपासणी पुरुष डॉक्टर करेल. तिसरी म्हणते, मागच्या खेपेला केसपेपरच्या खिडकीवरचा माणूस सगळ्या लाईनसमोर ओरडला होता. चौथीला रोजची भीती, खाडा पडला तर मजुरी जाईल. बघा, चारही भीती वेगळ्या आणि चारही खऱ्या. "घाबरू नकोस" या एकाच गोळीने त्या कशा जातील? पहिलीला सांगावं लागतं की औषध नीट सुरू झालं की काही आठवड्यांत लागण पसरण्याचा धोका खूप कमी होतो, आणि तपासणीचा कागद कुणाला दाखवायचा हे तिच्या हातात आहे. दुसरीला सांगायचं, बाई डॉक्टर कोणत्या वारी असतात ते आधी विचारून जा. आणि पुरुष डॉक्टर असला तरी सोबत एक बाई हजर असावी, ही मागणी करता येते. तिसरीसोबत कुणीतरी जायला हवं. चौथीचा प्रश्न मजुरीचा आहे, तो धीर देऊन सुटत नाही. बचत गटाने त्या दिवसाचा विचार केला तर सुटतो.

सोबतीचं एवढं का सांगते? महाडची गोष्ट आपण सगळे जाणतो, पण तिचा एक भाग भाषणांत घाईत उरकला जातो. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ साली झाला होता. महाडच्या नगरपालिकेनेही १९२४ साली चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. हक्क कागदावर होता. तरी २० मार्च १९२७ पर्यंत तळ्याची पायरी उतरणं शक्य झालं नाही, कारण उतरणाऱ्याचं काय होईल हे सगळ्यांना ठाऊक होतं. ती भीती वेडी नव्हती. पाणी प्यायल्यावर लोकांना मार पडलाच. बाबासाहेबांनी कुणाला "तू एकटा शूर हो" असं सांगितलं नाही. हजारोंना सोबत घेऊन ते गेले. आज फुकट तपासणीचा हक्क असाच कागदावर आहे. ३० वर्षांपुढच्या बाईला तोंडाची, स्तनाची आणि गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी सरकारी कार्यक्रमात आहे. पाचजणी मिळून गेल्या तर खिडकीवरचा माणूस ओरडतो का, बघा एकदा.

आता कामातल्या भीतीबद्दल. आपल्या कितीतरी मुली जीएनएमला जातात, याचा मला अभिमान आहे. पहिल्या वर्षाची मुलगी वॉर्डात दोन गोष्टींना भिते, सुईला आणि इंग्रजीला. सुईची भीती लवकर जाते, कारण तिचा रोज सराव होतो. आधी नुसतं औषध भरायचं, मग दुसरीला देताना बघायचं, मग ट्यूटर शेजारी असताना स्वतः द्यायचं. इंग्रजीची भीती मात्र वर्षानुवर्षं टिकते, कारण तिथे तोंड न उघडता निभावता येतं. राउंडला मागे उभं राहायचं, मान हलवायची. पोरींनो, हे निभावणं महागात पडतं. फोनवर सांगितलेला डोस नर्सने परत म्हणून दाखवायचा आणि समोरच्याकडून होकार घ्यायचा, हा आपल्या कामाचा नियमच आहे. ज्या मुलीला "सर, पॉईंट पाच की पाच?" हे विचारायची भीती वाटते, तिच्या भीतीची किंमत खाटेवरचा पेशंट देतो. मोडक्या इंग्रजीत विचारा, मराठीत विचारा, पण विचारा. मी पाहिलंय, इन्चार्ज सिस्टर होतात त्या मार्कांनी पहिल्या आलेल्या असतातच असं नाही. शंका आली की राउंड थांबवणाऱ्या असतात. आडनाव ऐकून कुणी नाक मुरडेल, तेही होतं, आणि ते सोसून गप्प बसायचं असं मी म्हणणार नाही. पण डोसचा प्रश्न त्याच्यासाठी अडवून ठेवू नका.

मज्झिम निकायात भयभेरव नावाचं सुत्त आहे. विहारात ते फार वाचलं जात नाही, पण मला ते आरोग्याच्या पुस्तकात घालावंसं वाटतं. बोधी मिळण्याआधी गोतम मुद्दाम अमावस्या-पौर्णिमेच्या रात्री भीतीदायक वनांत राहत. मोराने काटकी पाडली, वाऱ्याने पाचोळा सळसळला की भीती येई. चालताना आली तर ते चालतच राहत, बसले असताना आली तर बसूनच राहत, ती ओसरेपर्यंत स्थिती बदलत नसत. आज मानसोपचारात भीतीवर जे काम करतात ते याच वाटेचं आहे: पळून जायचं नाही, थोडी थोडी सोसत तिच्यासमोर थांबायचं, ओसरेपर्यंत. शरीर कायम धडधडत राहू शकत नाही, ते दमतंच. मात्र भीती आठवडेच्या आठवडे सुटत नसेल, झोप-जेवण गेलं असेल, घराबाहेर पाऊल पडत नसेल, तर तो आजार आहे आणि त्याला उपचार आहे. टेलिमानसचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. आणि छातीत दाबल्यासारखं दुखून घाम फुटला, तर "टेन्शन असेल" म्हणत घरी बसू नका. आधी ईसीजी काढा.

एवढं सगळं लिहून आता उलटं सांगणार आहे. कंपन्यांत, शाळांत हल्ली व्याख्याते येतात आणि सांगतात की प्रत्येक भीतीला भिडा, तिच्यापलीकडे यश आहे. त्यांनी एकदा आपल्या वस्तीत यावं. आपली माणसं गटारात उतरतात. मॅनहोलच्या तोंडाशी पाय अडतो तेव्हा ती भीती शहाणी असते. खालच्या वायूला आधी सडक्या अंड्यासारखा वास येतो, प्रमाण वाढलं की नाकाला तो वासच कळेनासा होतो, आणि माणसाला वाटतं वायू गेला. एक पडला म्हणून वाचवायला उतरलेला दुसराही पडतो. तिथे हिंमत दाखवायची नसते, दोरी आणि हवा देणारा मास्क आल्याशिवाय हलायचं नसतं, आणि अग्निशमन दलाला १०१ लावायचा असतो. सुरक्षा साधनांशिवाय गटारात उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. गटारात मृत्यू झाल्यास ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितलं. पण ठेकेदार "घाबरतोस काय रे, मर्दासारखा उतर" म्हणतो, वर दारूचे पैसे हातावर ठेवतो. इथे "नाही उतरत" म्हणायलाच खरी छाती लागते, आणि एकट्याने म्हटलं तर दुसऱ्या दिवशी काम जातं. म्हणून गँगमधल्या सगळ्यांनी मिळून म्हणावं. घरातल्या बाईने कामाची जागा, ठेकेदाराचं नाव आणि बोलावल्याची वेळ रोज सकाळी मोबाईलमध्ये लिहून ठेवावी, आणि एक प्रत शेजारच्या घरी द्यावी.